कानबाईच्या दिवशी भागीच्या दारात

सुमे, जवळ ये अशी. कागद वाचता वाचता का होईना, मावशीच्या मांडीपाशी येऊन बस. आणि आधी दोन शब्द रागाचे ऐकून घे. मिशनच्या दवाखान्यात तुला नर्सिंग शिकायला घेतात, शिकताना राहायची-जेवायची सोय करतात, आणि तू रडत काय बसलीस? म्हणे धर्म बुडेल, म्हणे बाळंतीण माझ्या हातून दगावली तर? वेडी कुठली! ही भीती तू शोधून काढलीस का? माझी जुनी सोबतीण आहे ती.

मी पांढऱ्या कपाळाची झाले तेव्हा तुझ्याएवढीच होते. सासूबाईंनी मन घट्ट करून मला धुळ्याला मिशनच्या दवाखान्यात शिकायला धाडलं. भाऊबंद म्हणाले, "मिशनमध्ये गेली ती रोटातून गेली." तुमच्याकडे कानबाई बसत नाही, म्हणून सांगते. श्रावणात आमच्या घरी कानबाई देवी बसते. घरातल्या पुरुषागणिक मुठी मोजून गहू घेतात, त्याचे रोट, म्हणजे प्रसादाच्या पोळ्या, करतात, आणि ते फक्त भाऊबंदांनी खायचे, परक्याला कणसुद्धा नाही. मला विधवेला पूजेत कोण घेतं? पण रोटाचं एक ताट माझ्या नावाचं असे. मी या घरची आहे हे सांगणारं तेवढंच उरलं होतं. दवाखान्यात सकाळची प्रार्थना त्यांच्या देवाची चाले. मी हात जोडून मनात कानबाई, कानबाई म्हणे. कुणी अडवलं नाही. पण ताट जाईल ही धास्ती सुटत नव्हती.

सुट्टी घेऊन सणाला आले. दुपारची वेळ, चौरंगावर कानबाई बसलेली, चुलीवर पुरण शिजतंय. एवढ्यात शेजारच्या भागीची सासू धावत आली. भागी माझी जिवाची मैत्रीण. लेकरू झालं, वार पडली, पण रक्त थांबेना. गावची सुईण दुसऱ्या गावी गेलेली. मी उठले तसे चुलत सासरे आबा दारात आडवे आले. "जा खुशाल. पण बाळंतिणीचा विटाळ घेऊन रोटाला शिवायचं नाही. आणि ती दगावली तर गाव म्हणेल, मिशनवालीनं मारली. मग बघू कोण आपली पोर शिकायला धाडतो ते!"

कानबाईच्या नारळाच्या मुखाकडे पाहिलं, नथ हलल्यासारखी वाटली, वाऱ्यानं हलली असेल. म्हटलं, माय, मला काही येत नाही, तू पुढे चाल. आणि गेले.

भागी गोणपाटावर पडली होती, ओठ पांढरे. मी ओटीपोट चोळायला लागले. गोळा घट्ट लागे आणि पुन्हा सैल पडे. लेकरू अंगावर घेतलं की गर्भाशय आवळतं, हे मला शिकवलेलं. पण भागीच्या सासूनं लेकरू उराशी धरलं. "पयला चीक इख राहास! मना नातूले मारशी का, मिशनवाली?" पहिलं दूध म्हणजे विष, तीन दिवस पाजायचं नाही, अशी गावाची समजूत. हाताखाली भागी गार होत चाललेली, आणि मला आबांचे शब्द ऐकू येत होते.

तेवढ्यात दारात एक म्हातारी उभी. डोक्यावर केळीच्या पानांची टोपली. सणाची पानं विकायला आली असावी. आत पाहिलं, टोपली उतरवली, सरळ भागीच्या मागे बसून तिला छातीशी टेकवून घेतलं. मग सासूला म्हणाली, "गायना वासरूले तीन दिन बांधी ठेवस का वं माय? आज तिना दिन शे. दे ते लेकरू आठे."

कुणाचा दिवस, कानबाईचा की भागीचा, मी विचारलं नाही. सासूनं लेकरू भागीच्या अंगावर दिलं. लेकरू ओढायला लागलं, मी चोळतच राहिले, आणि हळूहळू गोळा दगडासारखा घट्ट झाला. रक्त थांबलं. भागीनं "पाणी" म्हटलं तेव्हा मी रडले. मागे वळून पाहते तो म्हातारी नाही. पानांची जुडी तेवढी उंबऱ्यावर. कुणाची, कुठली, गावात कुणाला ठाऊक नव्हतं. मी वाद घालत नाही. असेल कुणी रावेरकडची, केळीच्या मुलखातली. मला पोचली ती वेळेवर पोचली.

ती पानांची जुडी उचलून घरी आले आणि परसात लांब बसले. पंगत आत बसलेली. वाटलं, गेलं ताट. सासूबाई बाहेर आल्या, न्हाणीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "पाणी काढलंय. न्हाऊन ये. तुझ्यासाठी पंगत थांबलीय." आत आबा खाली मान घालून बसले होते. भागीच्या उंबऱ्यावरच्या त्या जुडीतल्या पानावर सासूबाईंनी मला रोट वाढला.

पुढे आयुष्यभर बायांना हेच सांगत हिंडले : लेकरू अंगावर ठेवा, पाळीवरून गर्भ राहायचे दिवस ओळखायला शिका, त्या दिवसांत नवऱ्याला समजावून वेगळं अंथरूण घाला, दोन लेकरांत अंतर पडू द्या. दर वेळी दार ओलांडताना भीती वाटली, आजही वाटते. ती जाण्याची वाट पाहू नकोस. तिला बरोबर घे, आणि 'तू पुढे चाल' एवढं म्हण.

धुळ्याला जाण्याआधी एकदा येऊन जा गं. रोट तुला चालणार नाही, तू माझ्या बहिणीची लेक, दुसऱ्या कुळाची. पण खीर करीन, पोटभर. डोळे आता धूसर झालेत, लवकर ये.