आग सूनबाईची होती

मुलाकडे डब्लिनला गेलो तो तीन महिन्यांसाठी. २०२०च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि ब्लँचर्डस्टाउन या उपनगरातल्या त्यांच्या घरात मी दीड वर्ष राहिलो. मुलगा वरच्या खोलीत मीटिंगमध्ये, सून खालच्या खोलीत मीटिंगमध्ये आणि मी मधे, टीव्हीचा आवाज बंद करून.

त्या उन्हाळ्यात सुनेनं मागच्या अंगणात एक लोखंडी ड्रम आणून ठेवला. त्यात मंद कोळशावर, लाकडाच्या धुरात कोंबडी तासन्‌तास शिजवायची. तिकडे या बार्बेक्यूच्या स्पर्धा होतात आणि तिला त्यात उतरायचं होतं. मी नागपूरकडे एका कागद कारखान्यात बॉयलरवर आयुष्य काढलेलं. आग म्हणजे आपला विषय, असं वाटून पहिल्याच रविवारी मी तिला ड्रमची खालची हवेची झडप पूर्ण उघडायला लावली. आग उपाशी ठेवू नये म्हटलं. कोंबडी बाहेरून काळी झाली आणि हाडाशी लाल राहिली. मुलगा म्हणाला, "बाबा, कागद नव्हता बनवायचा."

त्यानंतर सुनेनं आगीबद्दल मला काही विचारलं नाही. दर शनिवारी रेनकोट घालून ती उलट्या बादलीवर बसायची. झडप बोटभर उघडायची, पुन्हा थोडी लावायची. धूर पांढरा आणि दाट असला तर मांस कडवट होतं, जेमतेम दिसेल असा निळसर हवा, हे तिचं तिलाच उमगलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून चहा पीत बघायचो. पाऊस वाढला की छत्री नेऊन द्यायचो. माझं काम तेवढंच.

पुढच्या उन्हाळ्यात निर्बंध सैल झाल्यावर पश्चिमेकडच्या गॉलवे शहराजवळ एका शेतात छोटीशी स्पर्धा होती. आम्ही तिघं गाडीनं गेलो. परीक्षकांसाठी डब्यात तुकडे लावताना हात मोकळे हवेत म्हणून तिनं चामड्याचे हातमोजे माझ्याकडे दिले. वारा गार होता, मी ते घातले.

तिची कोंबडी दुसरी आली. थोड्या वेळानं एक उंच माणूस आमच्याकडे आला. गॉलवेच्या एका बार्बेक्यू संघाचा तो प्रमुख. त्यांना आग सांभाळणारं माणूस हवं होतं. तुमची आग कोणी सांभाळली, असं त्यानं विचारलं ते माझ्याकडे बघून. पांढरे केस, हातात ते मोजे. त्याला दुसरं काय वाटणार?

"बॉयलर," मी म्हणालो. "चाळीस वर्षं."

शब्द खरे होते, उत्तर खोटं होतं. सून शेजारीच उभी होती. परक्या माणसासमोर ती सासऱ्याचं बोलणं खोडणार नाही हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच मी तसं बोललो. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

तिनं उरलेल्या तुकड्यांचा ट्रे झाकला. मग म्हणाली, "हो, बाबांना आगीतलं फार कळतं."

त्यानं माझ्या कोपराला कोपर लावलं, तेव्हाच्या करोनाच्या रीतीनं. मी सप्टेंबरमध्ये परत जाणार हे कळल्यावर हळहळला, मुलाला आपला नंबर दिला आणि शेजारच्या तंबूकडे वळला.

गाडीत मुलगा मला हीरो म्हणाला. पुढे मराठी मंडळाच्या ऑनलाइन कार्यक्रमात मला बोलायला सांगितलं. मी धुराच्या रंगावर बराच वेळ बोललो. शेवटी म्हणालो, सूनबाईनंही मदत केली.

परतीच्या आठवड्यात ती माझी बॅग भरत होती, तेव्हा मी म्हटलं, "अगं, त्या दिवशी मी खोटं बोललो."

"माहीत आहे, बाबा. मी तिथेच होते की." ती हसली. मग स्वेटरची घडी घालत म्हणाली, "दीड वर्षात पहिल्यांदा कोणीतरी तुम्हाला काही विचारलं होतं. मी कशी मधे बोलू?"

"तुला जायचं होतं ना त्यांच्या संघात?"

तिनं बॅगेची चेन ओढली. "हा स्वेटर अंगातच घाला. नाहीतर बॅगेचं वजन वाढेल."

मी त्या माणसाला फोन करतो म्हणालो. ती म्हणाली, राहू द्या. पण मी नंबर लावला तेव्हा हातात फडकं घेऊन ती दारात येऊन उभी राहिली.

मोडक्या इंग्रजीत मी त्याला सगळं सांगितलं. आग तिची होती, मी फक्त छत्री नेऊन देत होतो. तो मोठ्यानं हसला. सुनेचं इतकं कौतुक करणारा सासरा पहिल्यांदाच भेटला म्हणाला. त्यातला एक शब्दही त्याला खरा वाटला नाही. शिवाय जागा स्पर्धेच्याच दिवशी भरली होती, डब्लिनच्याच सँट्री भागातला एक मुलगा घेतला होता. प्रवासाला शुभेच्छा देऊन त्यानं फोन ठेवला.

"काय म्हणाले?" तिनं विचारलं.

"उचलला नाही."

"मग उद्या करून बघा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला नाही. ती जागा गेली होती आणि माझ्यामुळे गेली होती, हे तिला आता इथे वाचूनच कळेल.