शाकाहारी राक्षस

माझ्या बहिणीने पुण्याहून येताना माझ्या लेकीसाठी ते खेळणं आणलं, तेव्हा मी तिच्यावर चांगलीच तणतणले होते. साबणाच्या छोट्या वडीएवढं निळं यंत्र, त्याला बटणं, एक इवलासा काळा-पांढरा पडदा आणि त्या पडद्यात उड्या मारणारा राक्षस. त्या राक्षसाला खायला घालायचं, त्याची ताकद वाढवायची आणि दुसऱ्या कुणाकडे तसंच यंत्र असलं की दोन्हींची टोकं एकमेकांना चिकटवून लढाई लावायची. "मी पोरीच्या हातात मोबाइल देत नाही म्हणून जगभर कौतुक सांगतेस आणि स्वतः हे आणतेस होय?" असं मी तिला सुनावलं. ती नुसती हसली. तिला काय जातंय हसायला! आज त्या यंत्राचा विषय निघाला की मला भरून येतं, पण हे मी बहिणीला अजून सांगितलेलं नाही.

आमच्या घरात त्या वेळी वेगळंच रामायण चाललं होतं. माझ्या सासऱ्यांच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलली होती. सासऱ्यांना आमच्यात मामा म्हणतात. मामा मार्केट यार्डातले ज्वारीचे जुने अडते. सगळा जन्म पोत्यांच्या थप्प्यांमधून फिरण्यात गेलेला, आणि दर सोमवारी सिद्धेश्वराच्या देवळात पायी जायचं म्हणजे जायचं. ऑपरेशन छान झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावली, की रोज चाला. चालला नाहीत तर गुडघा आखडेल आणि मग आमच्याही हातात काही राहणार नाही.

सुरुवातीला मामा वॉकर धरून चाललेही. मग एका सकाळी न्हाणीघरात घसरून पडले. लागलं काही नाही, पण उठता येईना. नवरा दुकानावर गेलेला, लेक शाळेत, सासूबाई तर केव्हाच देवाघरी गेलेल्या. मीच आत गेले, काखेत हात घालून त्यांना उठवलं, टॉवेल गुंडाळला आणि बाहेरच्या खुर्चीत आणून बसवलं. त्यानंतर त्यांनी वॉकरला हात लावला नाही. पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर, तेही भिंत धरून. विचारलं की "उद्या बघू की" म्हणायचे. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची, तिला चहा पाजून तिच्या गावच्या पीकपाण्याच्या गप्पांत अडकवायचे. शेवटी मी वॉकरवर टॉवेल वाळत घालायला लागले.

मी तोंडाची फटकळ आहे. "मामा, डॉक्टरांना काय सांगू? खुर्चीला मुळं फुटली म्हणून सांगू?" असलं काहीबाही रोज बोलायचे. ते ऐकून घ्यायचे आणि पेपर उघडायचे. पाय मात्र दिवसेंदिवस ताठ होत चालला होता. हा माणूस आता कायमचा खुर्चीतच बसणार, अशी मला भीती वाटायची. माझी सगळी बडबड त्या भीतीपोटीच होती.

तर ते यंत्र. शाळेत खेळणी न्यायला बंदी, आणि राक्षसाला वेळच्या वेळी खायला घातलं नाही तर तो मलूल होऊन पडतो. मी ऑफिसला जाणारी. म्हणून लेकीने ते अज्जाच्या ताब्यात दिलं. अज्जा म्हणजे आजोबा. आमचं घर लिंगायत, त्यामुळे घरात निम्मं मराठी आणि निम्मं कन्नड चालतं.

"अज्जा, हे बटण दाबलं की जेवण. विसरू नकोस हां."

मामांना कुणाच्या जेवणाचं सांगायला लागत नाही. पोस्टमन असो की नळ दुरुस्त करणारा, दारात आलेल्या प्रत्येकाला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "ऊट आयता?" जेवण झालं का? त्यांनी त्या यंत्रालाही तोच प्रश्न विचारला आणि ते खिशात ठेवलं. मी निर्धास्त होऊन ऑफिसला गेले.

संध्याकाळी येऊन बघते तर लेक रडवेली आणि मामा गंभीर चेहऱ्याने बसलेले. राक्षस डोळे मिटून आडवा. दिवसभर उपाशी होता बिचारा.

मामांनी यंत्र माझ्यापुढे धरलं. "ह्यो काय प्रकार हाय, बघ तूच."

मी वाकून पाहिलं. जेवणाच्या खुणेत, कुणाच्याही लक्षात येईल असा, हाडासकट मटणाचा तुकडा होता.

"आपल्या घरात आजपातुर असलं शिजलं न्हाय," मामा म्हणाले.

"अज्जा, खोटं खोटं आहे ते!" लेक ओरडली.

"मटण खोटं असंल. बटण दाबणारा हात तर खराच हाय की."

 

आमच्या खालच्या मजल्यावर लेकीची मैत्रीण राहते. तिच्याकडेही तसंच यंत्र, लाल रंगाचं. ती नेमकी त्याच वेळी लढाई खेळायला वर आली. तिचा राक्षस खाऊनपिऊन टुणटुणीत, आमचा अंथरुणाला खिळलेला. लढाई कसली, एका फटक्यात खेळ खलास. त्या पोरीला दया आली. काय झालं ते तिने लेकीकडून समजून घेतलं आणि मामांच्या खुर्चीजवळ जाऊन म्हणाली, "अज्जा, चलने से बी ताकत आती इसकू. कमर कू लगाव और चलो."

सोबत आलेला कागद मी वाचून पाहिला, तर खरंच तसं होतं. यंत्र अंगाला अडकवून चाललं की पावलं आत मोजली जातात, आणि पुरेशी पावलं झाली की काही न खाताही राक्षसाची ताकद भरते.

लेकीने लगेच अज्जाकडे मोर्चा वळवला. "मग तूच चाल. नाहीतर मी आत्ता त्याला मटण देते." ही सरळसरळ धमकी होती. माझ्या पोटची पोर शोभते, असं मला त्या क्षणी वाटून गेलं.

मामांनी पडद्याकडे पाहिलं. बटण त्यांच्या अंगठ्याखालीच होतं. मग त्यांनी सदरा वर करून कमरेच्या करदोड्याला यंत्राची कडी अडकवली आणि मला म्हणाले, "तेवढा टॉवेल काढ त्याच्यावरचा."

मी टॉवेल इतक्या घाईने ओढला की वॉकरच कलंडला.

ते गॅलरीपर्यंत गेले आणि परत आले. तेवढ्यात घामाघूम झाले. खुर्चीत बसून त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल तर यंत्र काढून पाहिलं. काही फरक नव्हता. पाणी प्यायले आणि परत उठले. पुन्हा गॅलरी, पुन्हा खुर्ची. लेक मागेमागे. शेवटी ती किंचाळली, "अज्जा, उठला!" मामांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी ऑपरेशननंतर पहिल्यांदाच पाहत होते. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

त्यानंतर रोज सकाळी करदोड्याला यंत्र आणि हातात वॉकर. आधी घरातल्या घरात, मग जिन्यासमोरच्या जागेत, मग खाली गल्लीत. दुखायचं त्यांना. परत आल्यावर बर्फाची पिशवी गुडघ्यावर धरून बसायचे, पण तोंडाने हूं की चूं नाही. "लेकरू जेवलं आज पोटभर," एवढंच सांगायचे. राक्षसाचं लेकरू कधी झालं ते आम्हाला कळलंच नाही. मटणाचं बटण मात्र कुणी दाबलं नाही. लेकीनेही नाही, एकटी असतानासुद्धा नाही.

एकदा तिने शक्कल लढवली. कपडे धुवायचं यंत्र गदागदा हलत होतं, त्यावर तिने हे यंत्र ठेवून दिलं. बसल्या जागी पावलंच पावलं! मामांना ते कळलं, तेव्हा त्यांनी तिला जवळ बसवलं. "ह्याला काटा मारणं म्हणतात. आपण यार्डात कधी काटा मारला न्हाय, आता हितं मारायचा व्हय?" तिने मान खाली घातली. मग दोघं मिळून गल्लीत गेली आणि ती सगळी पावलं, त्यांच्या हिशेबाने, प्रामाणिकपणे फेडून आली.

लढाईत आमचा शाकाहारी बहुतेक वेळा हरायचा. खालचीचा राक्षस खायचाही आणि चालायचाही. मामांना त्याचं काही वाटत नसे. "हरू दे की. उपाशी तर न्हाय," म्हणायचे. पण हळूहळू आमचा टिकाव धरू लागला, आणि एका संध्याकाळी चक्क जिंकला. खालची पोरच आमच्यापेक्षा जास्त नाचली. "अज्जा का घास-फूस वाला जीता!" असं जिन्यातून ओरडत गेली. मामांनी तिला परत बोलावून तिच्या ओंजळीत शेंगदाण्याचे लाडू भरले. तोवर वॉकर सुटला होता आणि काठी आली होती. गुडघाही बराच वाकायला लागला होता. वॉकरवर मी परत टॉवेल वाळत घालत होते, पण आता मजेत.

मग तो रविवार आला. मी भाकरी थापत होते. नवरा दुकानात, लेक खाली मैत्रिणीकडे. मामांची हालचाल ऐकू येईना म्हणून बाहेर डोकावले, तर खुर्ची रिकामी. काठी जागेवर नाही. चालायला गेले असतील म्हणून परत वळणार, तेवढ्यात देवघराकडे लक्ष गेलं. विभूतीच्या डबीशेजारी यंत्र ठेवलेलं होतं आणि त्याचा पडदा कोरा होता.

यंत्राशिवाय ते कधीच बाहेर पडत नसत.  त्यांचा फोनही चार्जिंगला लावलेला. तशीच पिठाच्या हातांनी जिना उतरले. गल्लीत नव्हते. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारलं, तर त्याने सात रस्त्याकडे बोट दाखवलं. सात रस्ता! तिथे सात बाजूंनी गाड्या येतात आणि एकही कुणाचं ऐकत नाही. धडधाकट माणसाचीही तिथे तारांबळ उडते. मी जवळजवळ पळतच गेले.

मामा रस्त्याच्या पलीकडे उभे होते. घरी यायला निघालेले, काठी टेकून वाट बघत. मी हाक मारणार होते. धावत जाऊन दंड धरणार होते. पाय उचललाही होता, पण न्हाणीघरात उठवताना त्यांनी माझ्यापासून फिरवलेला चेहरा मला आठवला, आणि मी एका हातगाडीच्या आडोशाला थांबले. ते काही क्षण फार वाईट गेले. मामांनी काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात वर केला. यार्डात ट्रक मागे घेताना ड्रायव्हरला थांबवायला करायचे, अगदी तस्साच. एक रिक्षा थांबली, तिच्यामागे बस थांबली. मामा आपल्या चालीने, कुणाची घाई अंगाला लावून न घेता, रस्ता ओलांडून आले.

"तू कशाला आलीस?" मला बघून त्यांनी विचारलं.

"भाजीला."

त्यांनी माझ्या पिठाच्या हातांकडे पाहिलं. "पिशवी कुटं हाय?"

मला रडूच फुटलं. भर सात रस्त्यावर. मामा गडबडले. खिशातून त्यांनी कागदाची पुडी काढून दाखवली. "अगं, लेकराचा सेल संपला. घड्याळवाल्याकडनं आणाय गेलतो. पोरगी खाली खेळतीया तवर घालून ठेवावा म्हटलं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या दिवशी तू उचललंस मला. सुनंला असं उचलायला लागावं, मला लई लाज वाटली बग. परत पडलो तर परत तुलाच तरास, म्हणून बसूनच ऱ्हायलो. तू बोलायचीस ते समदं कळायचं मला."

"मामा, पडलात तर परत उचलीन. त्यात काय एवढं?" मी डोळे पुसत म्हणाले. गालाला पीठ लागलं असणार.

"व्हय, उचलशील. ठाव हाय मला." आणि त्यांनी हात पुढे केला. "आता दमलोय. धर जरा."

आम्ही हातात हात घेऊन घरी आलो.

नवा सेल घातला, तेव्हा एक घोटाळा झाला. सेल संपल्यावर जुनं सगळं पुसलं जातं, हे आम्हाला माहीत नव्हतं. पडद्यावर राक्षस नव्हता. एक अंडं होतं. मामांनी अंड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आता ह्ये?"

"खायचं नाही अज्जा, त्यातून पिल्लू येणार," लेक हुंदके देत म्हणाली. आपला जुना राक्षस गेला म्हणून ती रडत होती.

"मग रडतीस कशाला? त्याला वळण उशिरा लागलं. ह्याला लहानपणापासनं लावू," मामा म्हणाले आणि त्यांनी सदरा वर करून यंत्र करदोड्याला अडकवलं.

त्या दुपारी मी वॉकर पुसून माळ्यावर टाकला. ज्या खेळण्यावर मी एवढी चिडले होते, त्याने माझा सासरा मला परत दिला. त्याचे, ते आणणाऱ्या बहिणीचे आणि खालच्या त्या पोरीचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

संध्याकाळी मामा चपला घालून दारात उभे राहिले. "सोमवार न्हाय, पण सिद्धेश्वरापर्यंत जाऊन येतो म्हणतो."

सावकाश जा, जपून जा, मी येऊ का, हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं.

"भाकरी गार व्हायच्या आत या," मी म्हणाले.