परनीतचं इंग्रजी

आमच्या मेलबर्नच्या या टोकाला डिप्रेशन कुणालाच होत नाही. ते गोऱ्यांना होतं, त्यांना वेळ असतो. आमच्या पंजाबी बायकांना फक्त नजर लागते, नाहीतर माहेरची आठवण येते, आणि दोन्हींवर तुपात भाजलेल्या कणकेची पंजिरी चालते. गुरुद्वाऱ्याच्या लंगरात पोळ्या लाटता लाटता मी, बलजिंदर कौर, बावीस वर्षं हेच निदान करत आलेय. तेही फुकट.

शेजारची परनीत मात्र पंजिरीला दाद देईना.

पोरगी हुशार हो! तिचा नवरा लवजीत इंग्रजीच्या परीक्षेत तीनदा आपटला, म्हणून घरच्यांनी पास झालेली सून शोधली. आमच्यात ही रीतच पडलीय. मुलीनं परीक्षा द्यायची, मुलाकडच्यांनी खर्च करायचा, आणि तिच्या व्हिसावर नवरदेवानं विमानात बसायचं. परनीतला नऊपैकी साडेसात! लग्नात तिच्या रूपाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, मार्कांचं कौतुक मात्र मंडपभर.

बाळ झालं, पंजाबातल्या मोग्याहून सासू आली, आणि परनीत बोलायची थांबली. आंघोळ नाही, झोप नाही, बाळ रडलं तरी भिंतीकडे बघत बसायची. लवजीत ट्रक घेऊन आठ-आठ दिवस बाहेर.

"आम्ही चार पोरं काढली, चौथ्या दिवशी म्हशी धुतल्या," सासूबाई, म्हणजे आमच्या बीजी, म्हणायच्या. "हिलाच काय धाड भरलीय?"

मीही मान डोलवायचे. त्यात माझं काय जात होतं?

मग एका सकाळी बाळंतिणीला तपासायला हेलन नावाची नर्स घरी आली, दहा प्रश्नांचा कागद घेऊन. परनीत गप्प. हेलनला वाटलं, बिचारीला इंग्रजी येत नसावं. फोनवर दुभाषी घेऊ का, म्हणाली.

"कशाला? मी आहे ना!" मी पुढे सरसावले. बीजींनी आधीच बजावलं होतं, "घरातलं घरात राहू दे, बलजिंदर. नाहीतर हे लोक बाळ उचलून नेतील."

त्यामुळे काम सोपं झालं. मी पंजाबीत विचारायचे, परनीत गप्प राहायची आणि मी इंग्रजीत तिचं उत्तर द्यायचे. हसू येतं? खूप. झोप लागते? गाढ. रडू? छे, कशाला येईल? अख्ख्या मेलबर्नमध्ये इतकी सुखी बाई नसेल. हेलन आपली खुणा करत होती.

दहावा प्रश्न होता, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का.

तो मी परनीतला विचारलाच नाही. ओल्या बाळंतिणीला असलं कुणी विचारतं का? "कधीच नाही," मी ठोकून दिलं.

"वाटतं," परनीत म्हणाली. तीन आठवड्यांतला पहिला शब्द. मग स्वच्छ, साडेसात मार्कांच्या इंग्रजीत, "काल वाटलं. आजही वाटतंय. आणि आंटी तुम्हाला सगळं खोटं सांगतायत."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. या पोरीला काही झालं असतं तर?

हेलननं तो कागद फाडला, नवा घेतला आणि मला नि बीजींना स्वयंपाकघरात पाठवलं.

तासभर पलीकडच्या खोलीतून परनीतचा आवाज येत होता, मधेच रडण्याचा. बीजी पंजिरीचा डबा पोटाशी धरून दाराशी उभ्या.

"काय सांगतेय गं ती?"

"तिचं तिला सांगू द्या, बीजी."

"पण एवढं फाडफाड इंग्रजी? ही कुठे शिकली?"

"अहो, त्याच इंग्रजीवर तर तुम्ही सगळे इथे आलात!"

बीजींनी डबा ओट्यावर ठेवला आणि खुर्चीत बसून राहिल्या.

दुपारी परनीत हॉस्पिटलात गेली, बाळही तिच्यासोबत. कुणी उचलून नेलं नाही त्याला.

रविवारी लंगरात बायकांनी मला घेरलं. "काय झालंय गं परनीतला? नजर लागली का?"

बावीस वर्षांच्या सवयीनं मी तोंड उघडलं. मग लाटणं खाली ठेवलं.

"तिला भेटायला जा आणि तिलाच विचारा," मी म्हटलं. "तिला बोलता येतं."