पाटीवर लिहिलेलं लग्न

माझं लग्न ठरलं तेव्हा मला अठरावं लागलं होतं आणि गावाच्या मते उशीरच झाला होता. नवरा मुलगा शिक्षक होता. एटापल्लीकडच्या जंगलातल्या एका शाळेवर त्याची नुकतीच नेमणूक झाली होती. आमचं गाव धानोऱ्यापासून पायी दीड तासावर. तेव्हा हा सगळा मुलूख चांदा जिल्ह्यातच यायचा. गावात चौथीपर्यंत शिकलेल्या मुली दोनच होत्या, त्यातली एक मी.

मुलाकडच्यांनी होकार कळवला आणि तिसऱ्याच दिवशी शेजारच्या गावचा एक माणूस आमची तळ्याखालची बांधी बघायला आला. धानाची शेती बांध्यांमध्ये वाटलेली असते, आणि आमच्या बांध्यांत ही सगळ्यात मोठी. तळ्याचं पाणी पहिल्यांदा तिच्यातच उतरायचं. पाऊस कमी झाला त्या साली बाकी धान वाळलं, पण तिच्या धानावर आम्ही वर्ष काढलं होतं. त्या माणसाबरोबर बांधावरून चालताना बाबांना मी विहिरीवरून पाहिलं आणि काय ते समजले. माझ्या लग्नासाठी ती विकली जाणार होती.

हा बेत मोठेबाबांचा, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाचा होता. भावाच्या घरातलं पहिलं लग्न, तेव्हा पाच गावांना जेवण, बाजा, गॅसबत्त्या, सगळं झालंच पाहिजे असं त्यांचं म्हणणं. ते वाईट माणूस नव्हते. आमच्या आजोबांनी त्यांच्या लग्नात जे केलं त्याच्यापेक्षा तसूभर कमी झालं तर भावाची मान खाली जाईल, असं त्यांना मनापासून वाटायचं.

मला दोन धाकट्या बहिणी होत्या. विहिरीवर उभ्या उभ्या माझ्या मनात एकच गोष्ट आली, की माझ्या लग्नाला बांधी गेली तर त्यांच्या लग्नाला काय जाईल?

दुपारी बाबा अंगणातल्या वेलाच्या मांडवाच्या सावलीत दोर वळत बसले होते. मी शाळेची जुनी पाटी घेऊन त्यांच्यासमोर बसले.

"बाबा, बांधी इकू नका."

"मंग लगन कशानं करू?"

"मायच्या पैशानं."

आई आतून बाहेर आली. दरवर्षी चैत्रात मोहफुलं वेचून आणि पुढे तेंदूपत्ता तोडून आलेले पैसे ती एका डब्यात टाकायची. किती झाले ते तिने कधी सांगितलं नव्हतं. तिने डबा आणला आणि मी मोजले. एकशे बेचाळीस रुपये निघाले. बाबांनी डबा हातात घेऊन पाहिला. मग म्हणाले, "तू लिव. मी आयकतो."

बाबांना अक्षर येत नव्हतं. मी एकेक बाब लिहायची, वाचून दाखवायची, आणि त्यांनी हो किंवा नाई म्हणायचं. माझं लुगडं, सोळा रुपये. नवरदेवाचं धोतर आणि टोपी, चौदा. आंदणाची पितळी भांडी, पाच नग. तांदूळ घरचा. पत्रावळींचं कसं, असं मी विचारलं, तर आई म्हणाली तो खर्च लिहूच नको. आईबरोबर जंगलात जाणारी एक गोंडीण बाई होती, आईची जिवाभावाची मैत्रीण. तिला आईने परसातूनच हाक मारली. ती येऊन ओट्यावर बसली आणि म्हणाली, "पानं माह्याकडे. तुह्यी पोट्टी काय माह्यी नाई काय?" लग्न सकाळच्या मुहूर्ताचं धरलं, म्हणजे गॅसबत्तीचं भाडं गेलं. बाजा मी लिहिलाच नाही.

सगळ्यात अवघड गोष्ट माणसांची होती. आमच्याकडची पस्तीस, त्यांच्याकडची पंचवीस. बाबांनी बोटं मोजत एकेक नाव सांगितलं आणि पस्तिसाव्या नावानंतरही ते सांगतच राहिले. मी खडू खाली ठेवला. ते थांबले, हसले आणि म्हणाले, "बरं, रायू दे." त्यावर मी दहा माणसं वरची धरली, आपल्याला न विचारता येणारी.

संध्याकाळी मोठेबाबा आले. बाबांनी त्यांना सांगितलं. ते उभेच राहिले.

"साठ माणसाईत लगन? आन् वरण कायचं?"

"लाखोळीचं," मी म्हणाले.

आमच्याकडे धान निघालं की त्याच ओलीवर लाखोळी हे कडधान्य पेरतात. रोजच्या जेवणात तिचंच वरण. पण लग्नात तूर हवी, हा दंडक. मोठेबाबा म्हणाले, "सोयरे ताटावरून उठून जातीन. मी सांगून राह्यलो, मले त्या मांडवात बोलावू नका." आणि ते निघून गेले. त्या रात्री बाबा जेवले नाहीत, तरी बांधी बघायला आलेल्या माणसाला त्यांनी दुसऱ्या दिवशी नकाराचा निरोप धाडला.

मग ते मुलाच्या गावी गेले. दिवसभर मी कामात चुकत होते. दोनदा पाणी आणायला घागर न घेताच निघाले. बाबा परतले ते एकटे नव्हते. बरोबर मुलाचे वडील होते, उंच, काळेसावळे, खांद्यावर घोंगडं टाकलेले. खाटेवर बसून ते म्हणाले, "यादी ज्यानं केली त्याच्याच तोंडून आयकाव म्हटलं, म्हणून आलो."

सासरा होणाऱ्या माणसासमोर मुलीने बोलायचं नसतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. बाबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मी डोक्यावरचा पदर सावरला आणि वाचायला लागले. 

पंचवीस माणसांपाशी ते काही बोलले नाहीत. लाखोळीपाशी त्यांनी हात वर केला.

"तुरीचं नाई?"

"तूर इकत आणा लागते, भाऊ. लाखोळी आमच्या वावरातली हाये," बाबा म्हणाले.

आई दाराआड येऊन उभी राहिली. ते म्हणाले, "माह्या घरी बी तेच शिजते. मंग काऊन लपवाचं? वाच पुढं."

मी शेवटपर्यंत वाचलं. ते घोंगडं मांडीवर घेऊन सरसावून बसले. मग विचारलं, "आन् बाजा?"

"बाजा नाई."

"बाजा नसन तर मी घरून निंगत नाई. माह्या एकुलत्या पोराचं लगन हाये."

मला काय झालं कोण जाणे. मी म्हणाले, "मंग तो तुमच्या पाटीवर लिवा जी."

 बाबा मला थांबवायला पुढे सरले. आणि मग ते गृहस्थ इतक्या मोठ्याने हसले की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. "लिवतो," ते म्हणाले. "तुह्या बापाले सांग, हे सून मी माह्या घरी तराजूत बसवून नेतो."

लग्न वैशाखात झालं. मांडवावर जांभळाच्या डहाळ्या होत्या. आईच्या मैत्रिणीने तिच्या पाड्यावरच्या दोघी बायकांना घेऊन पळसाच्या पत्रावळी लावून दिल्या. वरात तीन बैलगाड्यांतून आली, पुढे बाजा वाजवत. सासऱ्यांनी गाड्या मांडवाबाहेर थांबवल्या आणि सगळ्यांसमोर माणसं मोजली. पंचवीसच होती. आमच्या बाजूचे लोक हसले, तेही हसले, आणि बाबांच्या चेहऱ्यावरचा इतक्या दिवसांचा ताण मी पहिल्यांदा उतरलेला पाहिला.

मोठेबाबा आले नव्हते. अक्षता वाटल्या जात होत्या तेव्हा ते मांडवाच्या कडेला दिसले, नवं धोतर नेसलेले.  बाबांनी जाऊन त्यांच्या हातात अक्षता दिल्या आणि त्यांना आपल्या शेजारी उभं केलं. पुढे पंगतीत त्यांनी वरण दोनदा मागून घेतलं, हे आईने मला मुद्दाम येऊन सांगितलं.

हिशोब एका ठिकाणी चुकला. बुंदीचे लाडू माणशी दोन असे बांधले होते. वरची धरलेली दहा माणसंही आली, सगळ्यांना पुरले. शेवटच्या पंगतीला आम्ही नवरानवरी बसलो तर टोपलं रिकामं. मी सगळ्या जगाला मोजलं होतं, फक्त आम्हा दोघांना विसरले होते. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी आपल्या पानातला एक लाडू मुलाच्या आणि एक माझ्या पानात ठेवला. "आता यापुढं सोताले बी मोजत जाय," त्या म्हणाल्या. माझे डोळे भरून आले, पण मी हसत होते.

बांधी राहिली. माझ्या दोन्ही बहिणींची लग्नं पुढे त्याच मापात झाली, एकीला जरा चांगली भांडी आणि दुसरीला गायीची कालवड. मोठेबाबांनी त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न दिवसाउजेडी लावलं, मात्र वरण तुरीचं केलं.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी एटापल्लीहून माहेरी आले, तर बाबांनी ओट्यावर माझ्यासाठी पाट मांडला. मला वाटलं कौतुक चाललंय. तेवढ्यात आमच्या गल्लीतलेच एक गृहस्थ टोपी काढून आत आले. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. बाबा त्यांना म्हणाले, "इथं बस. हे पोरगी इचारते, तू फक्त खरं सांग." मी त्यांना पहिलं विचारलं की काका, कोणाला बोलावलं नाही तर तुम्हाला रात्री झोप येणार नाही?

ते आढ्याकडे बघत बराच वेळ बोटं मोजत राहिले.

"नऊ," ते म्हणाले.

बाबांनी माझी जुनी पाटी पुढे सरकवली. मी तिच्यावर नऊ लिहिले आणि काकांना म्हणाले, "आता बाकीचे काऊन बोलावाचे, ते सांगा."