एन्कोडरच्या काचेवरचा धूप

मी भालचंद्र गोविंद कुकडे, बी.कॉम., आपल्या कारखान्याच्या भांडाराचा प्रमुख. नव्या यंत्राबद्दल कँटीनमध्ये जे बोलले जात आहे, त्यातले बरेचसे चुकीचे आहे... जे घडले ते माझ्यासमोर घडले, म्हणून ते जसेच्या तसे या भित्तिपत्रकावर लावत आहे.

दसरा झाला आणि भोके पाडणारे नवे स्वयंचलित यंत्र चुकू लागले. सकाळी भोक नेमके जागेवर पडे, दुपारी केसभर सरके, संध्याकाळी तर मालच बाद...

हे यंत्र सुखदेव साळवे चालवतात. संगमनेरकडचे, आयटीआय झालेले, बंगलोरला जाऊन हे काम शिकून आलेले. व्यवस्थापकांचे मत पडले की हात त्यांचाच चुकतो; सोमवारपासून त्यांनी जुन्या लेथवर जावे. शेडमध्येही “काय सुखदेव, बंगलोरचं पाणी उतरलं का?” असे टोमणे सुरू झाले होते.

शनिवारी दुपारी ते माझ्या खिडकीशी आले आणि नवा एन्कोडर मागितला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो... यंत्राचा भाग हवा तेवढाच सरकवणाऱ्या सर्व्हो मोटरच्या मागच्या टोकाला हा डबीएवढा भाग बसवलेला असतो. आत काचेची चकती, तिच्यावर अतिशय बारीक रेषा. एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा फोटोसेल.

मोटर फिरली की या रेषा प्रकाश अडवतात, सोडतात. ते मोजूनच यंत्राला कळते, आपण किती फिरलो. काही रेषा मोजायच्या राहिल्या, तर यंत्राला स्वतःची जागाच कळेनाशी होते; सकाळी ते शून्यावर लावले, तरी दिवसभर ही चूक साठत जाते.

भांडाराची पद्धत अशी, की जुना भाग टेबलावर आल्याशिवाय आणि तो कशाने बिघडला हे नोंदल्याशिवाय नवा द्यायचा नाही. त्यात हा परदेशी भाग, तोही एकच शिल्लक... मी कारण विचारले.

“धूळ लिहा, साहेब.”

त्यांनी टेबलावर ठेवलेली जुनी डबी मी उघडली. चकतीवर पिवळसर, चिकट थर बसला होता. धूळ अशी नसते... मी ती नाकाजवळ नेली. धुपातल्या राळेचा वास आला.

खंडेनवमीला प्रत्येक यंत्राची झाकणे काढून अगदी गिअरपर्यंत धूप दाखवायचा, ही रंगनाथ मिस्त्रींची, म्हणजे आपल्या नानांची, जुनी पद्धत. वर्षभर राबलेल्या यंत्राच्या पोटात धूप गेला पाहिजे, असे ते म्हणतात. लेथला त्याने काही होत नाही. नव्या यंत्रालाही त्यांनी तोच मान दिला होता...

“तुम्हाला हे माहीत होते?”

“काल उघडून बघितल्यावर कळलं. पूजेच्या वेळी मी शेडबाहेर होतो.” सुखदेवांनी आवाज खाली आणला. “साहेब, आम्ही बौद्ध. मी धुपाचं नाव काढलं तर लोक काय म्हणतील? पूजेला नावं ठेवतोय, म्हणतील. त्यापेक्षा लेथवर गेलेलं परवडलं.”

माझी पंचाईत झाली. ‘धूळ’ लिहिणे खोटे होते. ‘धूप’ लिहिणे खरे होते, पण त्या खऱ्यात हाच माणूस भरडला जाणार होता... इतकी वर्षे नोकरी केली, पण हातात पेन धरून असा अडून कधी बसलो नव्हतो.

“नानांना दाखवू का?” मी विचारले. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

निरोप मिळताच नाना हात पुसतच आले. “काय कुकडेसाहेब, आमच्या नावानं वॉरंट निघालं का काय?”

मी चकती पुढे केली. त्यांनी वास घेतला. चष्मा कपाळावर सारून ती उजेडात धरली, फिरवून पाहिली... मग अलगद टेबलावर ठेवली.

“ह्यो धूप माझा हाय,” ते म्हणाले आणि सुखदेवांकडे वळले. “का रं, जीभ गहाण टाकली हुती व्हय? लोकांचं ऐकून घेतलंस, लेथवर जायला निघालास, पन मला सांगितलं न्हाई?”

“नाना, तुम्ही ऐकलं असतं हो. बाकीच्यांनी ऐकलं नसतं.”

नानांनी शेडकडे एक नजर टाकली. त्यांनाही ते नाकारता येईना.

“लिहा साहेब,” ते म्हणाले. “रंगनाथ मिस्त्रीनं झाकन उघडून आत धूप दिला. पूजेचा दोष न्हाई आन ह्या गड्याचाबी न्हाई. हात माझा हुता.”

मी शब्दशः तसेच लिहिले. टोपी नीट करून ते तडक व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये गेले... बाहेर आल्यावर शेडच्या मधोमध उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असे हेच पुन्हा सांगितले.

सोमवारी सुखदेव त्याच यंत्रावर उभे होते. नवा एन्कोडर बसला आहे. सकाळचे भोक आणि संध्याकाळचे भोक आता एकाच जागी पडते. नाना अधूनमधून तिकडे चक्कर मारतात. “बघू दे की, ती काच मोजती कशी,” म्हणतात, आणि सुखदेव त्यांना समजावून सांगतात.

खरे काय ते मला कळले होते, पण ते मी मांडले असते तर त्याची झळ सुखदेवांना लागली असती. नानांनी ते स्वतःच्या तोंडाने सांगितले आणि कुणालाच बोलायला जागा ठेवली नाही... हे येथे लावण्यास दोघांनीही संमती दिली, त्याबद्दल मी दोघांचा ऋणी आहे.

भा. गो. कुकडे
अहमदनगर, ऑक्टोबर १९७३