मुक्कामी गाडी

आमच्या गावात आता एसटीची लाल गाडी येत नाही. थांब्याच्या पत्र्याखाली शेळ्या बसतात आणि पाटोद्याला जायला घरोघरी मोटारसायकली आहेत. तरी त्या खडखडणाऱ्या गाडीला कुणी नावं ठेवली, की मी त्याला सोडत नाही. मी शिकले ती तिच्यामुळे.

ती संध्याकाळी मुक्कामाला यायची आणि सकाळी पाटोद्याला सुटायची. ड्रायव्हर-कंडक्टरचं जेवण पाळीपाळीने एकेका घरी असे. आमच्या पाळीला आई हमखास पिठलं करायची आणि ते बिचारे दरवेळी तोंडभरून वाखाणायचे. वडिलांची अट होती, गाडी गावातून सुटते तोवरच कॉलेज. पोरगी दुसरी गाडी धरायला एकटी फाट्यापर्यंत चालत जाणार नाही.

मी अकरावीत असताना आवई उठली, की प्रवासी नाहीत म्हणून मुक्काम बंद होणार, डेपोचे साहेब बघायला येणार. गावाने ठरवलं, त्या सकाळी गाडी भरून दाखवायची. नेमका त्याच दिवशी माझा शेवटचा पेपर होता. मी पोचले तर गाडी गच्च! म्हाताऱ्या ठेवणीतली लुगडी नेसून खिडक्या धरून बसलेल्या. पाटोद्यात एकीचंही काडीचं काम नव्हतं. एरवी कंडक्टर माणसं कोंबून घ्यायचा, पण आज शेजारी साहेब.

"जागा न्हाई आता," तो मान खाली घालून म्हणाला. मला रडूच फुटलं.

तेवढ्यात आतून वडील उठले. "माझी पोर बसंल हितं. पेपर हाय तिचा."

"मग तुम्ही कुठे निघाला होतात?" साहेबांनी विचारलं.

वडिलांना खोटं कधी जमलंच नाही. "कुठंच न्हाई, साहेब. आमी समदे हिची गाडी वाचवायला बसलोत."

एकेक जण ओशाळून खाली उतरला. रिकाम्या गाडीत मी एकटी उरले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि ड्रायव्हरला गाडी सोडायला सांगितलं. खाली अख्खा गाव हात हलवत उभा होता. इतका जीव मला पुन्हा कुणी लावला नाही.

पुढे बारावीच्या मधेच गाडी बंद झाली. अट अटच होती, मी मुकाट्याने पुस्तकं फडताळात ठेवली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच वडील पायताण घालून दारात उभे होते. "पुस्तकं घे," ते म्हणाले. "फाट्यापस्तोर मी येतो."