पोतं नंबर एक्केचाळीस

कौशल्याबाईचं लग्न मी जमवलं, आणि त्यात फक्त एक थाप मारली. आता एका लग्नात एक थाप म्हणजे काहीच नाही. चौसाळ्याच्या एका सोयरिकीत मी स्वतः सात थापा ऐकल्यात, आणि ती दोघं आज नातवंडं खेळवतात. पण माझी ती एकुलती एक थाप एकतीस वर्षं जिवंत राहिली, त्याला मी काय करू?

झालं असं. आश्रुबा आमच्या दिंद्रुडचा, माझ्या भिंतीला भिंत लागून. पोरगी उमापूरची. पोरीचा बाप म्हणाला, "लई लांब पडतंय पाव्हणं. दोनदा एस्टी बदलायची. पोरगी माहेरी येणार कशी?" त्याच आठवड्यात आमच्या शिवारात कुणी साहेब लोक दुर्बीण घेऊन आले होते आणि लाल रंग दिलेले दगड रोवून गेले होते. कशाचे, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. मी आपलं ठोकून दिलं, "दोन सालात दिंद्रुडला रेल्वे येतीय. तुमची लेक खिडकीत बसून माहेरी येईल." आतल्या खोलीतून पोरीनं ते ऐकलं. त्याच बैठकीत सुपारी फुटली.

दगड अजून आहेत. त्यातल्या एकाला माझी म्हैस बांधलेली असते.

तेव्हापासून कौशल्याबाई मला गिरणीवर भेटो, बाजारात भेटो, कुणाच्या तेराव्याला भेटो, पदर सावरून विचारणारच, "काय तात्या, गाडी किती वाजता हाय?"

मी म्हणायचो, "लेट हाय."

पुढं जिल्ह्याच्या गावाला गाडी लागली. पेपरात फोटो आला. कौशल्याबाईनं तो फोटो नीट पाहिला आणि मला म्हणाली, "तात्या, ही माज्या वाटंवरली न्हाई."

ही दोघं ऊसतोडीला जायची. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकट्या माणसाला तिथं कुणी धरत नाही. दरसाल दसरा झाला की ट्रक यायचा, त्यात माणसं, शेळ्या, पत्रे, चूल सगळं एकावर एक. कौशल्याबाईची टोळीत ख्याती होती. मोळी डोक्यावर घेतली की ती वजन सांगायची. काटा नंतर तेच सांगायचा. एकदा कारखान्याचा काटा आणि कौशल्याबाई यांच्यात फरक पडला, तर टोळीनं काटा दुरुस्त करायला लावला.

दोन वर्षांमागं मुकादम भागवत दारात आला. म्हणाला, "औंदा ऊस न्हाई. समुद्राकाठी मोठं शहर हाय, तिथं रेल्वे करायची. माजा धरून आठ कोयते पायजेत."

आश्रुबा म्हणाला, "बे भागवत, रेल्वे काय कोयत्यानं तोडायची असती का?"

पण कौशल्याबाईनं रेल्वे हा शब्द ऐकला आणि चुलीवरची भाकरी करपली. तिनं एकच विचारलं, "बसायला मिळंल का?"

"काम संपलं की पयली चक्कर आपली," भागवत म्हणाला. मला त्याचा आवाज ओळखीचा वाटला. सुपारी फुटली तेव्हा माझाही असाच निघाला होता.

मग आठ कोयते रेल्वे बांधायला गेले. टेम्पोत बसून गेले, शेळ्यांसकट.

शहराचं नाव मी सांगत नाही. त्यांचं उद्घाटन अजून व्हायचंय, उगाच कुणाचा तरी मान जायचा. रेल्वे होती हलकी. लाइट रेल म्हणतात तिला. दोन डब्यांची, रस्त्याच्या कडेनं मोटारींसोबत चालणारी, वरच्या तारेवर पळणारी. आधी तीन मार्ग ठरले होते, मग दोन झाले, आश्रुबा पोचला तोवर एक उरला होता. भूमिपूजन मात्र तीनदा झालं होतं आणि तिन्ही पाट्या शाबूत होत्या. एक स्टेशन कोळ्यांच्या जाळी वाळवायच्या जागेवर येत होतं. त्यांनी रूळच अडवले, म्हणून स्टेशन सरकलं. तर ते एका बंगल्यासमोर आलं, बंगलेवाल्यांनी अडवलं, म्हणून ते परत सरकलं. आश्रुबा म्हणाला, "तात्या, आपल्याकडं रेल्वे न्हाई म्हून लोक रडत्यात, तितं रेल्वे हाय म्हून रडत्यात. रडायचं काय चुकत न्हाई."

रूळ तिथं खडीवर नसतात, रस्त्यात खाचा करून सिमेंटात बसवतात. कौशल्याबाईचं काम त्या सिमेंटावर ओली गोणपाटं घालून पाणी मारत राहायचं. दोन उन्हाळे तिनं चार किलोमीटर रुळाला असं पाणी पाजलं, जणू लेकराला बाळगुटी. खारट वाऱ्यानं रूळ तांबडे पडायचे, ती पदरानं पुसून बघायची. आश्रुबा चिडवायचा, "अगं, पदराचं पातेलं पुसायचं फडकं झालंय." ती म्हणायची, "माजी गाडी हाय. तुमाला काय करायचंय?"

काम संपलं. गाडी आली, निळी पांढरी, काचेच्या खिडक्यांची. आता पहिली चक्कर. तर कळलं, पहिली चक्कर मंत्रीसाहेबांची. मंत्रीसाहेबांची तारीख मिळेना. एक महिना, दोन महिने. इकडं दसरा आला, कारखान्यांची धुराडी पेटायला आली. भागवत म्हणाला, "परवा टेम्पो येतोय. सामान बांदा."

"आन् चक्कर?" कौशल्याबाईनं विचारलं.

"वैनी, आता मंत्र्याला काय मी उचलून आणू?"

आश्रुबा सांगतो, तीस वर्षांत ती गप्प बसली असा तो एकच दिवस. त्यानं जेवण टाकलं.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी टोळीला डेपोत एक शेवटचं काम आलं. गाडीची वजन भरून चाचणी होती. तिथं एक इंजिनिअर मॅडम होत्या, वयानं आमच्या नातींएवढ्या, डोक्यावर पिवळी टोपी. त्यांनी समजावून सांगितलं, "वाळूची पोती भरायची. एक पोतं म्हणजे एक प्रवासी, पासष्ट किलो. प्रत्येक पोत्याला नंबरचा बिल्ला आहे. सीटवर, उभं राहायच्या जागेत, सगळीकडे. वजन कमी पडायला नको, जास्त व्हायला नको. भरून झालं की ड्रायव्हरला हात करा. मी पलीकडच्या टोकाला, समुद्राजवळच्या स्टेशनात थांबते." आणि त्या जीपमध्ये बसून गेल्यासुद्धा.

टोळीनं पोती भरली. कौशल्याबाई खिडकीजवळच्या सीटवर पोतं ठेवताना म्हणाली, "बघा, वाळूला खिडकी."

आता इथं एक रीत सांगायला हवी. ऊसतोडीत ट्रक भरला की भरणारी माणसं उसावरच चढून बसतात आणि वाटेतल्या पुढच्या फडाला उतरतात. भरलेली गाडी पुढं जाते आणि भरणारा मागं चालत येतो, असं आमच्याकडं आजवर घडलेलं नाही. कुणी सांगावं लागत नाही, कुणाला विचारावं लागत नाही. तसं पोती भरून झाली आणि सोळाच्या सोळा माणसं आपसूक गाडीत चढली. त्यांच्या मनात काळं नव्हतं. दुसरं काही करता येतं हेच त्यांना माहीत नव्हतं.

चढल्यावर आश्रुबाला आठवलं. "थांबा बे! वजन जास्त झालं. उसाचा ट्रक कसा पलटी होतो, इसरलात का?"

उतरायचा विचार कुणाला शिवला नाही. पोती उतरवायचं ठरलं. प्रश्न एवढाच, की किती? तर सगळ्यांनी कौशल्याबाईकडं पाहिलं. तिनं एकेकाला बखोटीला धरून जरासं उचललं आणि सांगत गेली, "हे पाऊण पोतं. ही छबुबाई सव्वा. भागवत..."

"माजं ऱ्हाऊ द्या वैनी."

"दीड."

बाकी बहुतेक काटक्याच. सोळा माणसांची तेरा पोती भरली. ती उतरवून भिंतीला लावली. खिडकीजवळचं एक्केचाळीस नंबरचं पोतं कौशल्याबाईनं स्वतः ओढून काढलं आणि त्या जागी बसली. आश्रुबानं खिडकीतून हात केला. ड्रायव्हर पुढं काचेपलीकडं होता. मागं कोण आहे हे बघणं त्याच्या कामात लिहिलेलं नव्हतं. दारं लागली. गाडी निघाली.

"कसं वाटलं?" असं मी कौशल्याबाईला नंतर विचारलं. म्हणाली, "आवाजच न्हाई तात्या. मी पाणी मारलेलं एकेक ठिकाण मागं चाललं व्हतं आन् मला काय भिजवायचं नव्हतं."

पलीकडच्या स्टेशनात मॅडमसोबत मोठे साहेब, हार, नारळ. मॅडमच्या हातातल्या यंत्रावर वजन दिसत होतं, अगदी हवं तेवढं. साहेब खूश. दारं उघडली, आणि पोत्यांच्या मधून लुगडं खोचलेली कौशल्याबाई उतरली. मागं पंधरा जण. हारवाल्यानं सवयीनं हार पुढं केला आणि पुन्हा मागं घेतला.

मोठे साहेब ओरडले, "हे कोण?"

कौशल्याबाई म्हणाली, "आमी भरनारे."

"मंत्रीसाहेबांच्या आधी माणसं बसवली? पेपरवाल्यांना कळलं तर? हे झालंच नाही. समजलं? गाडीत कुणीही नव्हतं. उतरवा, चालत पाठवा!"

टोळी चालायला लागली. ऊन तापलेलं. पन्नास पावलं गेली असतील, तोच मागून मॅडम पळत आल्या. चेहरा पडलेला. परतीची चाचणीही भरल्या वजनानंच व्हायची होती, आणि तेरा पोती पार पलीकडच्या टोकाला भिंतीला टेकून उभी होती.

मॅडमनी कौशल्याबाईला विचारलं, "मावशी, वजन इतकं बरोबर कसं आलं?"

"उचलून बगितलं."

मॅडमनी मागं साहेबांकडं एकदा पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "चला. बसा. पण हलायचं नाही, बोलायचं नाही. पोती हलत नाहीत." आणि मोठ्या साहेबांनी पाठ फिरवली, त्यांना तेवढ्यात समुद्र बघायचा होता.

पोत्यांची यादी तपासायला माणूस येणार होता. म्हणून मॅडमनी डेपोत फोन करून तिथं उतरवलेल्या पोत्यांचे नंबर विचारले, पिशवीतल्या कोऱ्या बिल्ल्यांवर तेच नंबर लिहिले आणि ते वाटले. तेरा बिल्ले, सोळा माणसं. तिघांना मिळाला नाही, ते रुसले. कौशल्याबाईला तिच्या जागेचा, एक्केचाळीस.

अशी ती परत आली. जाताना चुकून, येताना हुकमानं. मान न हलवता, नुसत्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिनं चार किलोमीटर समुद्र पाहिला. यादीवाला गाडीतून फिरून गेला, बिल्ले मोजले, खूण केली. छबुबाईला शिंक आली तेव्हा त्यानं कागदावरून नजरसुद्धा वर केली नाही. चाचणी पास झाली. मी ऐकलंय, अहवालात लिहिलंय की गाडीत माणूस नव्हता.

दुसऱ्या दिवशी टेम्पो त्यांना घेऊन आला. ऊसतोडीला निघायच्या आधी दोन दिवस गावात होती. मी म्हशीला चारा टाकत होतो. कौशल्याबाई आली. पदराच्या गाठीतून बिल्ला काढला, दोरा लावलेला होताच, आणि म्हशीच्या त्या लाल दगडाला बांधला.

"तात्या, बसले मी. जाऊन आले."

माझ्या छातीवरचं एकतीस वर्षांचं ओझं उतरलं. मी म्हणालो, "मग? मी खोटं बोललो न्हवतो ना?"

"न्हाई," ती म्हणाली. "पन ही समुद्राची झाली. उमापूरची कदी?"

आता खरं सांगा, अशा वेळी माणसानं काय म्हणावं?

मी म्हणालो, "मोजणी झालीय."

तिनं दगडाकडं पाहिलं, मग दगडाला घासून पाठ खाजवणाऱ्या म्हशीकडं पाहिलं, आणि म्हणाली, "हां, मोजतीय की."